डब्यातली मोटार

रिठद, ता. २४ नोव्हेंबर १९५७

इंद्रभान भाऊजी,

वर आशीर्वाद लिहिला नाही. विसरले नाही, लिहावासा वाटला नाही.

तांड्यावरची मोतीबाई आपल्याच शेतात कापूस वेचायला येत होती. नवरा पुढे बैलगाडीत, ही मागून पायी, डोक्यावर गाठोडं. मानोऱ्याहून तुम्ही दोघे भाऊ मोटारीनं येत होता. नाल्याच्या वळणावर तुम्ही तिला उडवलंत आणि बाभळीवर जाऊन आदळलात. ठाण्यात कबुली दिलीत, जामिनावर सुटलात, आणि घरी न येता अकोल्याला मित्राच्या खोलीवर जाऊन बसलात. कबुली दिली म्हणून गावातले काही जण तुमची तारीफ करतात. मी करत नाही. ज्याच्या हातून माणूस गेलं त्यानं त्या माणसाच्या लोकांसमोर राहावं. परगावी जाऊन तोंड लपवणं सोपं असतं.

मामाजींचा हुकूम आहे की धाकट्या मुलाचं नाव या घरात कुणी घ्यायचं नाही. आत्याबाई ताटं वाढताना एक जास्त वाढतात आणि मुकाट्यानं परत उचलतात. लेक म्हणून तुम्ही त्यांना हे दिवस दाखवलेत.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. तुमच्या दादांसाठी लिहिते. त्या दिवसापासून ते शेतात जात नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. माडीवर बसतात. छातीला मार लागला आहे, मी रोज आंबेहळदीचा लेप देते. मोठ्या भाकरीच्या काठासारखा काळानिळा वळ आहे, या बगलेपासून त्या बगलेपर्यंत. बाभळीच्या खोडावर आपटलो म्हणतात. लेप देताना हात लागला की दात आवळतात, पण आवाज काढत नाहीत.

एकाच गोष्टीत त्यांचं मन लागतं. अकोल्याच्या डॉक्टरसाहेबांनी आपल्याला जुनी मोटार विकली तेव्हा तो विलायती डबा भेट दिला होता ना, त्याच मोटारीच्या धाकट्या प्रतीचा? डॉक्टरांनी तरुणपणी जोडायला घेतला आणि अर्धवट ठेवला होता. तो डबा त्यांनी काढला आहे. लाकडाची बॉडी, पत्र्याचे मडगार्ड, पितळेचे दिवे. सगळं गंजलेलं, टवके गेलेलं. दिवसभर ते तुकडे पुढ्यात मांडून बसतात. काम करताना मधूनच एखादा शब्द बोलतात, "कानस दे" म्हणतात, आणि मला तेवढ्यानं बरं वाटतं. नवरा माझ्याशी तीन शब्द बोलला म्हणून हरखणारी बाई झाले आहे मी. हसू नका.

अडचण अशी की डब्यातला कागद इंग्रजीत आहे. कोणता तुकडा आधी, कोणता मागून, आम्हाला कळत नाही. घरात इंग्रजी शिकलेले एक तुम्हीच. कागद सोबत पाठवते. मराठी करून पाठवा. रुपाबाई, आपल्याकडे शेणपाणी करते ती, वाशीमच्या बाजारातून हे पत्र पेटीत टाकेल. उत्तर तिच्याच नावानं लिहा. मामाजींच्या हाती पडलं तर माझी खैर नाही.

तुमच्यासाठी हे करू नका. तुमच्या दादांसाठी करा.

तुमची वहिनी


रिठद, ता. ८ डिसेंबर १९५७

भाऊजी,

कागद मिळाला. अक्षर काय सुरेख काढलंत! एकेक तुकड्याचं नाव, त्याची जागा, वाळायला किती वेळ द्यायचा, सगळं समजावून लिहिलं आहे. स्वतःबद्दल मात्र अवाक्षर नाही. जेवता का, झोपता का, खोलीत अंथरूण आहे का, काही नाही. विलायतेच्या कारखान्यानंच पत्र पाठवलं असं वाटलं.

आधी एक गोष्ट मागे घेते. परवा हरिसिंग आला होता, मोतीबाईचा नवरा. तिचं गाठोडं आपल्या गोठ्यात ठेवलं होतं ते न्यायला. मी समोर जायला घाबरत होते. तो ओसरीच्या खालीच उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमचा देर आला होता माह्या पालावर. जामीन झाला त्याच दिसी. पाय धरले त्यानं माहे. म्या उठवलं, पानी देल्लं, तो पेला. मानूस चुकते, बाई. पन आपल्या तोंडानं 'म्या मारलं' म्हननारा सापडत नाही. त्याच्यावर माह्या मनात काही नाही. कोर्टात इचारलं तरी असंच सांगीन."

मी गूळ-पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही. गाठोड्यात मोतीबाईचा आरसेवाला घागरा होता, घडी केलेला. त्यानं ते उघडून पाहिलं आणि पुन्हा बांधलं.

म्हणजे तुम्ही तोंड लपवलं नव्हतं. तुम्ही गेला होतात. मी मागच्या पत्रात बोलले ते चुकीचं होतं. आशीर्वाद तेव्हाचा आणि आताचा, दोन्ही घ्या.

आता मोटारीचं ऐका. दुपारी पुरुषमाणसं शेतात असतात तेव्हा मी माडीवर जाऊन बसते. पितळेचे दिवे मी चिंच आणि राखेनं घासले, देवघरातल्या समईसारखे लखलखले. मडगार्डचा गंज काचकागदानं काढला. टायरचं रबर वाळून तडकलं होतं, दुकानदाराकडून सायकलची फाटकी ट्यूब आणून तिच्या कडा कापून घातल्या. तुमचे दादा म्हणाले, "अस्सल दिसून राह्यली." एवढं लांब वाक्य!

लाकूड चिकटवायच्या सरसावरून मात्र महाभारत झालं. सुतारानं सरसाची कांडी दिली, ती पाण्यात शिजवायची तर चूल पाहिजे. मी ठेवली चुलीवर. वास सुटला तशा आत्याबाई देवघरातून धावत आल्या. "कायचं कातडं शिजवून राह्यली व माह्या चुलीवर?" भांडं उकिरड्यावर, मी परसात, आणि चूल शेणानं सारवून पुन्हा पेटवली. आता परसात तीन दगड मांडून शिजवते. तुमचे दादा हे ऐकून हसतील वाटलं होतं. हसले नाहीत.

एकच तुकडा अडला आहे. तुमच्या कागदात स्टेरिंगचं चाक लिहिलं आहे, बारीक तारेचं, उजव्या आसनापुढे बसवायचं. समोरच्या फळीला त्यासाठी भोक आहे. चाक मात्र सापडत नाही. मी विचारलं तर तुमचे दादा म्हणाले, "नव्हतंच डब्यात." आणि ते भोक त्यांनी मेणानं बुजवून टाकलं आहे. वर रंगही दिला. मोटार इतकी हुबेहूब करायची, वाकलेला मडगार्ड ठोकून सरळ करायचा, आणि चाकाचं भोक बुजवायचं? तुम्ही दोघांनी मिळून डबा उघडला होता. चाक होतं का नव्हतं?

तुमची वहिनी


रिठद, ता. २२ डिसेंबर १९५७

भाऊजी,

कार्डावर तुम्ही दोन ओळी लिहिल्यात. "वहिनी, चाकाचं कुणाला विचारू नका. मोटार तशीच पुरी करा."

तुम्हाला खोटं बोलता येत नाही, भाऊजी. लहानपणी लोणी खाल्लं तरी आधी तुमचेच कान लाल व्हायचे, असं आत्याबाई सांगतात. "नव्हतं" असा एक शब्द लिहिला असतात तर मी कदाचित गप्प बसले असते.

चाक होतं. डबा घरी आला त्या दिवशी आमच्या बेबीनं ते चिमटीत धरून सगळ्यांना दाखवलं होतं, आणि तुमच्या दादांनी हसत हसत तिच्याकडून काढून घेतलं होतं. मला तुमचं कार्ड वाचल्यावर हे आठवलं. मग मी माडीवर गेले. ते आंघोळीला गेले होते. मोटार हातात घेतली. डाव्या आसनापुढे नुसती सपाट फळी. उजव्या आसनापुढे ते बुजवलेलं भोक. तिथे मी बोटानं हवेत चाक काढून पाहिलं. तेवढ्यात ते उघड्या अंगानं वर आले. वळ आता पिवळा पडला आहे, पण कमान तशीच आहे.

झाडाचं खोड माणसाच्या छातीवर कमान उमटवत नाही. एवढे दिवस मी माझ्या बोटांनी त्या कमानीवरून लेप फिरवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. किंवा कळलं होतं आणि मी ते कळू दिलं नाही. बायकोला अशा खूप गोष्टी जमतात.

मोटार तुम्ही चालवत नव्हता.

मी सरळ आत्याबाईंकडे गेले. त्या शेंगा फोडत होत्या. मी विचारलं, "आत्याबाई, मोटार कोन चालवत होतं?" त्यांनी शेंगांवरची नजर काढली नाही. म्हणाल्या, "तुले कोनं सांगतलं?" मी म्हटलं, कुणी नाही. मग त्याच बोलत गेल्या. मानोऱ्यात थोरल्यानं मोहाची घेतली होती. धाकटा म्हणत होता मी चालवतो, त्यानं ऐकलं नाही. त्या संध्याकाळी मामाजींनी दोघांना समोर बसवून निवाडा केला. "थोरल्याले बायको हाये, लेकरू हाये, घर त्याच्यावर हाये. लहाना एकटा हाये, निभावून नेईन."

मी म्हटलं, "अन् लहान्यासाठी कोन रडन?"

"रडन त म्या रडीन," आत्याबाई म्हणाल्या. "माह्या रडन्यानं घर नाही पडत."

त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं. मी बसून शेंगा फोडल्या. दुसरं काय करणार होते?

आता मला सांगा, वडिलांनी 'जा' म्हटलं आणि तुम्ही गेलात, हे मी समजू शकते. आपल्या घरात मोठ्याचं बोलणं म्हणजे पूर्वदिशा. पण हरिसिंगनं तुमच्या हातात पाणी दिलं ते तुम्ही कसं प्यालात? ते पाणी तुमचं नव्हतं, भाऊजी. ज्याचं होतं तो माडीवर बसून खेळण्याला रंग देत होता.

वीस जानेवारीला वाशीमच्या कोर्टात तुम्ही गुन्हा कबूल करणार, आणि मग तुरुंग. तुमचं वय काय, तुम्ही शिकलात काय, बाहेर आल्यावर तुम्हाला कोण मुलगी देईल, कोण नोकरी देईल? एवढं सगळं मोजून तुम्ही 'हो' म्हटलंत का, की मोजलंच नाही?

मला उत्तर पाहिजे. या वेळी तुकड्यांची नावं नकोत.

तुमची वहिनी


रिठद, ता. ९ जानेवारी १९५८

भाऊजी,

तुमचं उत्तर आलं नाही. येणार नाही हे ठाऊक होतं. म्हणून मी इथेच विचारलं.

संक्रांतीची तिळगुळाची तयारी चालली होती. मी काकवीचे हात तसेच घेऊन माडीवर गेले आणि म्हटलं, "तुमच्या छातीवर बाभूळ नाही उमटली. चाक उमटलं हाये."

ते मोटारीच्या मागच्या बाजूला रंग देत होते, आपली खरी होती तसाच बाटलीसारखा हिरवा. कुंचला खाली ठेवला. मग म्हणाले, "तू माही बायको हायेस का त्याची वयनी?"

"दोनी," मी म्हटलं.

त्यांनी मोटार उचलली आणि खिडकीतून अंगणात फेकली. एवढ्या दिवसांची मेहनत. खाली बैल बांधला होता, तो बुजून मागे सरला आणि एक दिवा त्याच्या खुराखाली चपटा झाला. मी माडीवरून उतरले, सूप आणलं आणि धान्य वेचावं तसे तुकडे वेचले. ओसरीवर मामाजी होते. "काय हाये ते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मोटार हाये. मोडली. जोडून राह्यली."

दुसऱ्या दिवसापासून मी ओसरीवरच बसले. माडीवर नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाहावं म्हणूनच बसले, उगाच साळसूदपणा करत नाही. बॉडी सांध्यावर उभी फाटली होती. जुना सरस खरवडला, नवा लावला, सुतळीनं आवळून पाट्याखाली दाबून ठेवली. मडगार्ड मी सुपारी फोडायच्या अडकित्त्याच्या मुठीनं ठोकून सरळ केले, तुमच्या दादांसारखे सफाईदार झाले नाहीत. चपटा दिवा पुन्हा गोल होईना, तो तसाच बसवला. ती मोटार आदळलेलीच होती, तेव्हा एक दिवा फुटका असला तर शोभतो. मग उजव्या आसनापुढच्या भोकातलं मेण मी सुईनं कोरून काढलं.

चाक कुठून आणायचं? कागदात लिहिलं आहे की एक इंच म्हणजे खऱ्या मोटारीचे दोन फूट. मी खूप वस्तू लावून पाहिल्या. बांगडी मोठी, नथ लहान. शेवटी उजव्या पायातलं जोडवं काढलं. साबण लावून काढावं लागलं, लग्नापासून कधी निघालं नव्हतं. पकडीनं तोंड मिटवलं, केसांच्या आकड्याचे आरे केले, लाखेनं चिकटवलं. नेमकं बसलं.

आत्याबाई पाणी भरून आल्या तेव्हा त्यांची नजर पहिल्यांदा माझ्या पायावर गेली. बायकांची तिथेच जाते. "बोट भुंडं काहून? कुठी पाडलं जोडवं?"

"पाडलं नाही, आत्याबाई. मोटारीले चाक नव्हतं."

त्या कळशी तशीच कमरेवर घेऊन उभ्या राहिल्या. मोटारीकडे पाहिलं. मग त्यांच्या हातून कळशी सुटली आणि सगळी ओसरी ओली झाली. त्या आईच्या तोंडाकडे मला बघवेना. त्यांना दोन लेक आहेत आणि कुठल्याही बाजूनं मोजलं तरी एक जातोच.

मामाजी सकाळी म्हणाले, "कोर्टात बाईचं काय काम? गेलीस त वापस या दारात येऊ नोको. पोरीलेबी घेऊन जाय." एवढ्या शांतपणे म्हणाले की मी तिथूनच उठून बेबीचे कपडे बांधायला घेतले.

मला भीती वाटते आहे, भाऊजी. हे तुम्हालाच सांगते आहे, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. तुमच्या दादांवर माझा जीव आहे. ते वाईट नाहीत. दारू प्यालेले होते आणि मग घाबरले, आणि घाबरलेल्या माणसाला बापानं सोपी वाट दाखवली. त्यांनी त्या डब्यातल्या मोटारीवरून बोट फिरवलेलं मी पाहिलं आहे. खरी मोटार ठाण्यात गंजते आहे, ती त्यांना दुरुस्त करता येत नाही, म्हणून ही करत होते. अशा माणसाचा मला रागही धड करता येत नाही. पण त्यांची भाकरी मी वाढणार आणि तुम्ही तुरुंगातली खाणार, हे मला जमणार नाही. घास उतरत नाही.

मी वाशीमला माहेरी जाते आहे. पुढचं तिथून लिहीन.

वहिनी


वाशीम, ता. १९ जानेवारी १९५८

भाऊजी,

तुम्ही आज रात्री धर्मशाळेत उतराल असं कळलं आहे. माझ्यासोबत आलेली रुपाबाई हे पत्र तुमच्या हातात देईल. ती उत्तरासाठी थांबणार नाही, मी तसं बजावलं आहे.

घर सोडलं तेव्हा तुमचे दादा माडीवरून खाली आले. माझ्या गाठोड्यावर ती मोटार होती. त्यांनी ती उचलली. पुन्हा फेकतील म्हणून मी पुढे झाले, पण त्यांनी फेकली नाही. जोडव्याच्या चाकावर अंगठा टेकवून फिरवायचा प्रयत्न केला. ते फिरत नाही, लाख घट्ट बसली आहे. म्हणाले, "कोर्टात माह्यं नाव घेशीन?"

लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर मी त्यांचं नाव कधी उच्चारलेलं नाही. बेबीनं विचारलं तरी 'तुझे बाबा' म्हणते. मतदानाच्या वेळी यादी घेऊन बसलेल्या मास्तरांनी नवऱ्याचं नाव विचारलं तर मी रुपाबाईकडे बोट केलं आणि तिनं सांगितलं. हे त्यांनाही ठाऊक आहे, म्हणून तर विचारलं.

मी म्हटलं, "तुमी सोता या. मंग मले घ्यावं लागनार नाही."

त्यांनी मोटार गाठोड्यावर परत ठेवली, सावकाश, सरळ. बेबीच्या डोक्यावरून हात फिरवला. आत गेले.

वाटेत मी आपल्या शेतात थांबले, वेचणीवाल्यांच्या पालांपाशी. हरिसिंगला मीच सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून त्याला कळलं असतं तर मी कधी तोंड दाखवू शकले नसते. तो बाजेचा दोर विणत होता. ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "मंग माह्या हातचं पानी त्यानं कायले पेलं?"

मी म्हटलं, बापानं सांगितलं म्हणून. भावासाठी.

"भावासाठी," तो म्हणाला आणि दोर हातातून टाकला. "माही बायको मेली, बाई. तिच्यासाठी त कोनी खरं बोला." त्यानंतर तो माझ्याकडे पाठ करून बसला. मी निघाले तेव्हा मागून म्हणाला, "येतो मी बी कोर्टात. पाह्यतो कोन येते अन् कोन नाही."

इथे माझ्या भावाच्या शेजारी एक वकील राहतात. भाऊ नको म्हणत होता, घरची अब्रू घरात ठेव म्हणत होता. मी त्याच्या बायकोला घेऊन गेले. वकिलांनी सगळं ऐकलं. म्हणाले, नवऱ्यानं बायकोला एकांतात सांगितलेलं कोर्टात चालत नाही, पण बायकोनं डोळ्यांनी पाहिलेलं चालतं. मी म्हटलं, वकीलसाहेब, आमच्या ह्यांनी मला एकांतातही काही सांगितलं नाही. मुकाट नवऱ्याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला.

मी त्यांना मोटार दाखवली. म्हटलं, ही टेबलावर ठेवते, कोण कुठे बसलं होतं ते बोटानं दाखवते, वळ कसा होता ते सांगते, नाव नका विचारू. त्यांनी चष्मा काढून मोटार सगळीकडून पाहिली. जोडवं ओळखलं, पण त्याबद्दल बोलले नाहीत. म्हणाले, "दाखवा जरूर. पण नाव तुमच्या तोंडून आलं पाहिजे, बाई. बोटाची नोंद होत नाही." आणि दुसरं म्हणाले, ते महत्त्वाचं. तुम्ही आधीच 'गुन्हा कबूल' म्हणालात तर मला कुणी बोलावणारच नाही. साक्षच होणार नाही. माझं घर गेलं, जोडवं गेलं, पोर बापाला दुरावली, आणि तरी तुम्ही तुरुंगात.

दुपारपासून मोटारस्टँडवर भावाचा माणूस बसवला होता. रिठदकडच्या शेवटच्या गाडीतून तुमचे दादा उतरले नाहीत. अजून सकाळची गाडी आहे. मी वाट पाहीन. मनापासून पाहीन. ते आले आणि आपल्या पायांनी पुढे झाले तर मी मोटार पदराखाली झाकून परत येईन आणि ते सुटेपर्यंत त्यांचीच बायको म्हणून राहीन, मामाजी दारात घेवोत न घेवोत.

नाही आले तर मी बोलणार.

संध्याकाळपासून भावजयीच्या न्हाणीघरात जाऊन, पाण्याचा आवाज करून, मी ते नाव म्हणून पाहते आहे. पहिल्यांदा जीभच उचलली नाही. मग निघालं तर रडू फुटलं. किती छान नाव आहे हो ते. एवढी वर्षं मी ते कुणाला हाक मारायला वापरलंच नाही, आणि पहिल्यांदा वापरायचं तर अशा जागी.

तुम्ही माझ्याकडे उद्या केविलवाणं पाहाल, मान हलवाल, 'वहिनी नको' म्हणाल. मी तुम्हाला ओळखते. म्हणून हे पत्र.

बापानं 'जा' म्हटलं, तुम्ही गेलात. भावानं मान खाली घातली, तुम्ही त्याचं ओझं उचललंत. मोठ्यांचं ऐकायचं, एवढंच तुम्हाला येतं, आणि ते तुम्ही कधी मोडलं नाहीत. ठीक आहे. मीसुद्धा तुमच्यापेक्षा मोठी आहे. या घरात आले तेव्हा तुम्ही अर्ध्या चड्डीत होता, तुमच्या डोक्याला तेल मी लावलं आहे. मी तुम्हाला आजवर कधी काही सांगितलं नाही, आज सांगते. न्यायाधीश विचारतील तेव्हा 'गुन्हा कबूल नाही' एवढंच म्हणायचं आणि गप्प उभं राहायचं. हा माझा हुकूम आहे.

विजयमाला सूर्यभान अवचार